हवेशी वैर धरलेलं शहर

कीव्हला जाणारे बहुतेक प्रवासी सोनेरी घुमट बघायला जातात. सेंट सोफिया, सेंट मायकेल, आणि नीपर नदीच्या काठावरच्या टेकडीवर पसरलेला पेचेर्स्क लाव्रा हा मठ. मीही ते पाहिले आणि मनसोक्त पाहिले. पण चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत वेल्डिंगचे जॉइंट तपासण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्याच्यासाठी या शहरात आणखी एक यात्रा आहे. तिच्यात एक पूल येतो, एक संशोधन संस्था येते आणि शहरापासून १४० किलोमीटरवरचं एक संग्रहालय येतं. युद्ध पेटण्याआधीच्या एका सप्टेंबरात, फुटपाथवर चेस्टनटची तपकिरी फळं टपटप पडत असताना, मी ही यात्रा केली.

यात्रेचं सूत्र आधी सांगतो. वेल्डरचा खरा शत्रू म्हणजे हवा. वितळलेला धातू हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतो, मग जोड ठिसूळ होतो किंवा त्याच्या पोटात बारीक भोकं राहतात. आपल्याकडच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये पाहा. रॉडवरचं कोटिंग, टिगच्या टॉर्चमधून येणारा आर्गॉन, मिगच्या नोझलमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, हा सगळा खटाटोप वितळलेल्या थेंबापासून हवा दूर ठेवण्यासाठीच असतो. कीव्हच्या अभियंत्यांनी हे वैर पिढ्यान् पिढ्या चालवलं. आधी त्यांनी हवेला झाकून बाहेर ठेवलं, मग पंपाने उपसून काढलं, आणि शेवटी जिथे हवाच नाही तिथे वेल्डिंग नेलं.

पहिला टप्पा पाहायचा तर नावोद्नित्स्की बागेत जावं. शहर वसवणाऱ्या तीन भावांचा आणि त्यांच्या बहिणीचा पुतळा तिथे आहे, आणि त्याच्या शेजारूनच पाटोन पूल नीपरवर झेपावतो. पहिल्या नजरेला पुलात काही विशेष दिसत नाही. लांबी दीड किलोमीटरच्या वर, ट्रॉलीबस आणि गाड्यांची अखंड वर्दळ. एके काळी त्यावरून ट्रामही धावत होती, ती २००४ साली बंद झाली. पण खाली काठाशी जाऊन गर्डरांकडे मान वर करून बघितलं, की माझ्यासारख्याला एक गोष्ट लगेच खटकते. त्यांच्यावर रिव्हेट नाहीत. त्या काळातल्या पोलादी पुलांच्या अंगावर दिसणाऱ्या गोल डोक्यांच्या रांगा इथे कुठेच नाहीत. हा पूल सबंध वेल्ड केलेला आहे, आणि तो ५ नोव्हेंबर १९५३ रोजी खुला झाला.

ते वर्ष लक्षात घेतलं की धाडस कळतं. बेल्जियममध्ये हासेल्टजवळ आल्बर्ट कालव्यावरचा वेल्ड केलेला पूल मार्च १९३८ मध्ये तुकडे होऊन पाण्यात गेला होता. महायुद्धात अमेरिकेच्या वेल्ड केलेल्या लिबर्टी जहाजांना थंड समुद्रात तडे गेले होते. पुलाच्या कामात वेल्डिंगवर विसंबावं का, या प्रश्नावर जगभरचे अभियंते साशंक होते. येव्हगेनी पाटोन मात्र मूळचे पुलांचेच अभियंते. त्यांचा जन्म १८७० साली फ्रान्समधल्या नीस शहरातला, शिक्षण ड्रेस्डेनचं. कीव्ह पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी पूलबांधणी शिकवली, आणि साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर सगळं बाजूला ठेवून वेल्डिंगच्या मागे लागले. १९३४ साली त्यांनी विद्युत वेल्डिंगची संस्था काढली.

त्यांचं हत्यार होतं फ्लक्स. जोडाच्या रेषेवर फ्लक्सच्या कणांचा जाड थर पसरायचा आणि त्याच्या पोटात वायर सरकवत आर्क चालवायचा. वरून ना झगमगाट दिसतो, ना ठिणगी. वितळलेल्या फ्लक्सची काच धातूवर पांघरूण घालते आणि हवेला आत शिरू देत नाही. याला आपण सबमर्ज्ड आर्क, शॉपच्या भाषेत ‘सॉ’ म्हणतो. महायुद्धात ही संस्था उरलच्या पलीकडे निझ्नी तागिलला हलवली गेली, आणि तिथे टी-३४ रणगाड्यांच्या चिलखती पत्र्यांवर ही यंत्रं चालली. यंत्र हात स्थिर ठेवत असल्यामुळे मुरलेल्या वेल्डरचं काम नवख्यांना करता येऊ लागलं. युद्धानंतर तीच पद्धत आणि वेल्डिंग सोसणारं कमी कार्बनचं पोलाद घेऊन पाटोन पुलाकडे परतले. पूल खुला होण्याच्या तीन महिने आधी, ऑगस्ट १९५३ मध्ये ते वारले. १९९५ साली अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने या पुलाला उल्लेखनीय वेल्डेड बांधकाम म्हणून गौरवलं.

दुसऱ्या टप्प्यासाठी मालेविच रस्त्यावर जावं लागतं. संस्थेची इमारत तिथे आहे. बाहेरून ती एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखी भारदस्त आणि थोडी उदास. आत जायला आधी पत्रव्यवहार, मग पासपोर्ट, मग पहाऱ्यावरची वही. वडिलांनंतर बोरिस पाटोन यांनी ही संस्था १९५३ पासून २०२० पर्यंत चालवली. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९१८ चा, युक्रेनची विज्ञान अकादमी स्थापन झाली त्याच दिवशीचा. या अकादमीचे अध्यक्षही ते १९६२ पासून शेवटपर्यंत होते. वयाच्या एकशे एकाव्या वर्षी खुर्चीवर असतानाच ते गेले.

मला बघायचं होतं ते इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग. याचा जन्म कीव्हचा नव्हे. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगातल्या जे. ए. श्टोर यांनी अणुभट्टीच्या इंधनाचे भाग जोडण्यासाठी निर्वातात इलेक्ट्रॉनचा झोत वापरला आणि १९५७ साली ते जाहीर केलं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल-हाइन्त्स श्टायगरवाल्ड यांना त्या झोताची खोल शिरण्याची करामत सापडली. कीव्हने हे तंत्र लगेच उचललं, कारण हवेवरचा राग इथे जुना होता.

दाखवायला नेणारे अभियंते निवृत्तीला आलेले, मितभाषी. इंग्रजी तुटक, पण वेल्डिंगची खुणांची भाषा आम्हा दोघांची एकच. समोर दार उघडं टाकलेलं व्हॅक्यूम चेंबर. जाड पोलादी भिंती, आत रुळांवर सरकणारं टेबल, आणि वर उभ्या नळकांड्यासारखी इलेक्ट्रॉन गन. टेबलावर टायटॅनियमच्या दोन जाड पट्ट्या कडेला कडा भिडवून क्लॅम्प केलेल्या. त्या पाहून माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. व्ही-ग्रूव्ह कुठाय? इतक्या जाडीच्या पट्ट्या आर्कने जोडायच्या तर कडा तिरक्या कापाव्या लागतात, तळाशी रूट रन मारावी लागते, आणि मग थरावर थर चढवत, मधूनमधून ग्राइंडर फिरवत वर यावं लागतं. इथे कडा सरळ कापलेल्या. फिलर वायरचं रीळही कुठे दिसेना. माझ्या मनातलं ओळखून त्या गृहस्थांनी एक बोट दाखवलं आणि ते वरून खाली सरळ नेलं. एकच पास.

दार बंद झालं आणि पंप घरघरू लागले. मग थांबायचं. या तंत्राचा निम्मा वेळ या थांबण्यातच जातो. चेंबरमधला दाब वातावरणाच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शावर यावा लागतो. तोवर गन चालवून उपयोग नसतो, कारण इलेक्ट्रॉन इतका हलका की हवेच्या रेणूंवर आपटून झोत फिसकटतो. शिवाय गनमधली तापून पांढरी झालेली टंगस्टनची कॅथोड हवेत क्षणभरही टिकणार नाही. म्हणजे हवेशी असलेलं वैर इथे दुप्पट झालं. फ्लक्स वापरताना हवा फक्त वितळलेल्या धातूला नको होती, इथे ती हत्यारालाही नको आहे.

आकडा ठरल्या जागी आला. गनमध्ये कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन ६० हजार ते दीड लाख व्होल्टच्या दाबाने पुढे ढकलले जातात. साठ हजार व्होल्टला त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. मग विजेच्या वेटोळ्यांचं चुंबकीय भिंग त्यांना गोळा करून मिलिमीटरच्या अंशाएवढ्या ठिपक्यावर आणतं. शिशाच्या जाड काचेतून मी पाहत होतो. पट्टीवर निळसर-पांढरा ठिपका उमटला, टेबल सरकलं, ठिपका जोडाच्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि विझला. काही सेकंदांत खेळ संपला. धूर नाही, तडतड नाही, स्लॅग ठोकून काढणं नाही.

त्या काही सेकंदांत काय घडतं, हा या तंत्राचा गाभा आहे. इलेक्ट्रॉन स्वतः धातूत फार आत जात नाहीत, पोलादात मिलिमीटरच्या काही शतांशांतच त्यांचा जोर संपतो. मग जोड इंच-इंच खोल कसा होतो? उष्णता एवढ्याशा जागेत इतकी साठते की तिथला धातू वितळून थांबत नाही, त्याची वाफच होते. वाफ बाहेर पडताना वितळलेल्या धातूला बाजूला दाबते आणि अरुंद भोक तयार होतं. झोत त्या भोकातून खालच्या ताज्या धातूवर पडतो, त्याचीही वाफ होते, भोक आणखी खोल जातं. याला आम्ही कीहोल म्हणतो. टेबल सरकतं तसं हे कीहोल जोडातून पुढे जातं आणि वितळलेला धातू त्याच्या कडेने मागे वाहत जाऊन थिजतो. दाट पिठल्यातून पळी ओढली की पुढे वाट होते आणि मागे लगेच मिटते, तसंच. म्हणून जोडाची खोली रुंदीच्या वीसपट असू शकते. १०० मिलिमीटरपेक्षा जाड पोलादही एका पासात जोडलं जातं.

थोड्या वेळाने चेंबरमध्ये हवा सोडली, दार उघडलं. पट्टी हातात घेतली. जोड चंदेरी होता. टायटॅनियम ओळखणाऱ्याला या रंगाचं मोल कळेल. तापलेल्या टायटॅनियमला थोडी जरी हवा लागली तरी ते आधी सोनेरी, मग निळं, मग राखाडी पडतं, आणि निळ्या जोडाला आम्ही लाल शेरा मारतो. टिगच्या टॉर्चमागे आर्गॉनची आणखी एक शेपटी लावून जी चमक मिळवायला घाम फुटतो, ती इथे आयती मिळाली होती. दुसरं असं की पट्टी वाकली नव्हती. उष्णता अरुंद रेषेतच राहिल्यामुळे डिस्टॉर्शन नगण्य. त्यामुळे पूर्ण मशिनिंग झालेले गिअरही या पद्धतीने जोडता येतात आणि नंतर पुन्हा घासावे लागत नाहीत.

किंमतही तशीच. दोन कडांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवी, कारण फट भरायला फिलर नाही. सुटा भाग चुंबकीय चकवर ग्राइंड केला असेल तर त्यात उरलेलं चुंबकत्व आधी काढावं लागतं, नाहीतर झोत वाकडा पडतो आणि जोड रेषेच्या बाजूने निघून जातो. पितळ तर चेंबरजवळ आणायचंच नाही, त्यातलं जस्त उकळून सगळं बिघडवतं. वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की क्ष-किरण निघतात. रोंटगेन यांना १८९५ साली ते असेच सापडले होते. म्हणून भिंती जाड आणि काच शिशाची. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे, जो भाग चेंबरमध्ये मावत नाही त्याचं वेल्डिंग होत नाही.

म्हणून हे तंत्र सगळीकडे दिसत नाही, पण जिथे दिसतं तिथे त्याला पर्याय कमीच असतो. विमानांच्या इंजिनांतले टायटॅनियमचे रोटर, एफ-१४ लढाऊ विमानाच्या पंखांना धरणारी मधली टायटॅनियमची पेटी, टर्बोचार्जरमधलं उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं चाक आणि त्याचा पोलादी दांडा, कणत्वरकांमधले नायोबियमचे पोकळ कोश. आणि एक वस्तू आपल्या हार्डवेअरच्या दुकानातली. बायमेटल हॅकसॉ ब्लेडला दात हायस्पीड स्टीलचे असतात आणि पाठ लवचीक पोलादाची. त्या दोन पट्ट्या अशा झोताने एकमेकींना जोडतात. बोहरी आळीत ब्लेड विकत घेणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

तिसरा टप्पा शहराबाहेर होता. झितोमिरला जाणारी बस पश्चिमेकडे सपाट शेतांमधून जाते. सूर्यफुलं कापून झाली होती, काळी माती उघडी पडली होती. झितोमिर हे सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांचं जन्मगाव. १९०७ साली ते इथे जन्मले, आणि विशीच्या आत कीव्ह पॉलिटेक्निकमध्ये शिकायला गेले. पाटोन तिथेच प्राध्यापक होते. कोरोल्योव्ह यांच्या जन्मघराजवळच अवकाश संग्रहालय आहे. बाहेर अंगणात रॉकेटं उभी. आत अंधाऱ्या दालनात सोयूझ यानाचा परतीचा कोश, वातावरणात शिरताना होरपळलेला.

अवकाशात वेल्डिंग जमेल का, या प्रश्नात कोरोल्योव्ह यांनी लक्ष घातलं आणि काम पाटोनच्या संस्थेकडे आलं. उद्या मोठी स्थानकं कक्षेत जुळवायची झाली, एखादा सांधा फुटला, तर काय करायचं? कक्षेत निर्वात फुकट मिळतं, आणि चेंबरमधल्या निर्वातापेक्षा चांगलं मिळतं. अडचण वजनहीनतेची. वितळलेला धातू तरंगत सुटेल की पृष्ठताणाने जागेवर राहील? बुडबुडे वर येणार नाहीत, मग ते जोडातच अडकतील का? संस्थेने १९६५ च्या सुमारास टीयू-१०४ विमानात छोटी निर्वात पेटी बसवली आणि विमान परवलयात झोकून मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या वजनहीनतेत वेल्ड करून पाहिले. कोरोल्योव्ह जानेवारी १९६६ मध्ये वारले, पण काम थांबलं नाही.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी सोयूझ-६ मध्ये गेओर्गी शोनिन आणि वालेरी कुबासोव्ह यांनी यानाच्या कक्षीय कोशातली हवा बाहेर सोडली, स्वतः परतीच्या कोशात दार लावून बसले आणि तिथून ‘वुल्कान’ नावाचं यंत्र चालवलं. त्यात प्लाझ्मा, वितळणाऱ्या तारेचा आर्क आणि इलेक्ट्रॉन झोत असे तिन्ही प्रकार होते. अवकाशातलं हे पहिलं वेल्डिंग. नंतर, सोव्हिएत सत्ता मावळत असताना प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत आलं की या प्रयोगात यानाची भिंतच जवळजवळ वितळून भोक पडायची वेळ आली होती. पण झोत अवकाशात चालतो हे ठरलं, आणि तिन्हींत सरस तोच ठरला.

पुढचं यंत्र हातात धरायचं होतं. २५ जुलै १९८४ रोजी साल्यूत-७ स्थानकाबाहेर स्वेतलाना सावित्स्काया यांनी व्लादिमिर जानिबेकोव्ह यांच्यासोबत ते चालवलं. अवकाशात चालणारी पहिली स्त्री ही त्यांची ओळख सगळ्यांना असते. त्या साडेतीन तासांत त्यांनी बाहेर काय केलं, ते सहसा कुणी सांगत नाही. त्या पत्रे कापत होत्या, जोडत होत्या, डाख देत होत्या, एका धातूवर दुसऱ्याचा मुलामा चढवत होत्या, आणि हे सगळं हातातल्या इलेक्ट्रॉन गनने. क्ष-किरण त्रासदायक ठरू नयेत म्हणून व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवलं होतं.

साल्यूत-७ हे नाव भारतीयाला थबकवतं. सावित्स्काया तिथे जाण्याच्या तीन-साडेतीन महिने आधी, एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा त्याच स्थानकात राहून आले होते. त्यांचं तिथे स्वागत करणाऱ्यांमधले लिओनिद किझिम आणि व्लादिमिर सोलोव्ह्योव्ह १९८६ साली पुन्हा साल्यूत-७ वर गेले, आणि बाहेर सांगाडा उभारून त्याच्या जोडांवर वेल्डिंग करून पाहिलं. नव्वदच्या दशकात नासाने हे हातातलं हत्यार शटलमध्ये नेऊन तपासायचं ठरवलं होतं. ते एसटीएस-८७ मोहिमेत जायचं होतं, पण उड्डाणाआधीच प्रयोग वगळला गेला. नोव्हेंबर १९९७ च्या त्या उड्डाणात युक्रेनचे लिओनिद कादेन्युक गेले आणि त्यांच्यासोबत पहिल्यांदाच अवकाशात निघालेल्या कल्पना चावला. वेल्डिंगची गन मात्र जमिनीवरच राहिली.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक उभं राहिलं ते मोटरने फिरणाऱ्या बोल्टांवर. कारण समजण्यासारखं आहे. जो झोत टायटॅनियम वितळवतो, तो अवकाशपोशाखही वितळवतो, आणि बाहेर चुकीला दुसरी संधी नाही. बोल्ट उलटा फिरवता येतो, वेल्ड उलटा फिरत नाही. संग्रहालयातून बाहेर पडताना मला वाटलं, निर्वात फुकट मिळालं म्हणून तंत्र स्वस्त होत नाही. चेंबरच्या पोलादी भिंती हवेला रोखतात तशा माणसालाही झोतापासून वाचवतात, आणि कक्षेत तेवढंच नसतं.

म्हणूनच पुढची मोठी उडी जमिनीवर पडली. अख्खं काम चेंबरमध्ये घालण्याऐवजी, जोडाभोवतीच तेवढंसं निर्वात बांधायचं. इंग्लंडमधल्या शेफिल्ड फोर्जमास्टर्सने अणुभट्टीच्या पात्राचा पूर्ण आकाराचा नमुना असा जोडला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते जाहीर केलं. व्यास ३ मीटर, भिंतीची जाडी २०० मिलिमीटर. थरावर थर चढवणाऱ्या नेहमीच्या पद्धतीने असं पात्र जोडायला वर्षभर लागतं, ते त्यांनी चोवीस तासांच्या आत केलं. हवेला पूर्ण हाकलण्याचा आग्रह सोडून, लागेल तिथे, लागेल तेवढीच ती बाजूला करायची हा त्यातला शहाणपणा. पाटोन यांचा फ्लक्सही हेच करत होता, जोडापुरतीच हवा अडवत होता.

कीव्हला आज प्रवासी म्हणून जाणं सोपं नाही. युद्ध थांबेल तेव्हा कुणी गेलं, तर घुमटांना एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी नावोद्नित्स्की बागेतून पाटोन पूल बघावा आणि तिथून टेकडीवरच्या मातृभूमीच्या पुतळ्यापर्यंत चढावं. ६२ मीटर उंचीची ती स्टेनलेस स्टीलची मूर्ती १९८१ ची, आणि तीही वेल्ड केलेलीच. २०२३ साली तिच्या ढालीवरचं सोव्हिएत चिन्ह काढून त्रिशूळ बसवला गेला. तिसरा दिवस झितोमिरसाठी राखावा. आणि हातात कधी बायमेटल ब्लेड आलं, तर दात आणि पाठ जिथे भेटतात ती रेषा भिंगातून जरूर बघावी. या सगळ्या प्रवासातला एवढा एक जोड कुणालाही विमानात न बसता तपासता येतो.